'इंगेल' : एस्टोनियन आणि पश्चिम फ्रिजियन भाषांतला देवदूत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शब्दांच्या मुळांवर बोलणं निघालं की हा विषय हटकून येतो, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवतो आहे. मला हा शब्द मनापासून आवडतो, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

एस्टोनियन भाषेत देवदूताला काय म्हणतात? आणि पश्चिम फ्रिजियनमध्ये?

दोन्हीकडे 'इंगेल'. रोमन लिपीत आय-एन-जी-ई-एल. एका अक्षराचाही फरक नाही.

लिहितात सारखं, पण बोलतातही सारखंच का?

नाही. एस्टोनियन माणूस 'इंगेल' म्हणतो तेव्हा मधला 'ग' स्पष्ट ऐकू येतो. तो आपल्या 'ग'इतका घुमत नाही. ग आणि क यांच्या मधला, जरा दबका असतो. आघात पहिल्या अक्षरावर, कारण एस्टोनियनमध्ये तो बहुतेक सगळ्याच शब्दांत तिथेच असतो.

फ्रिजियन माणूस मात्र 'ग' उच्चारतच नाही. 'गंगा' म्हणताना अनुस्वाराच्या जागी जीभ मागे टेकून जो 'ङ' निघतो, तेवढाच म्हणायचा आणि पुढच्या 'ग'ला न शिवता थेट 'अल'वर जायचं : 'इङल'. बाराखडीत घोकलेला, पण एकट्याने कधी न वापरलेला आपला 'ङ' इथे रोजच्या बोलण्यात भेटतो.

या भाषा कुठल्या? त्यांचं एकमेकींशी नातं आहे का?

एस्टोनियन ही बाल्टिक समुद्राच्या पूर्व काठावरच्या एस्टोनियाची भाषा. बोलणारे साधारण अकरा लाख. तिची सख्खी बहीण फिनिश, दूरची नातेवाईक हंगेरियन. हे उरालिक कुळ. म्हणजे इंग्रजी, रशियन, फारसी आणि मराठी ज्या इंडो-युरोपीय कुळातल्या, त्यात एस्टोनियन बसत नाही. कुळाच्या हिशेबाने मराठी फ्रिजियनला जवळची आहे आणि एस्टोनियन दोघींनाही परकी.

पश्चिम फ्रिजियन ही नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या फ्रीसलँड प्रांताची भाषा. बोलणारे चार-पाच लाख. प्रांताची राजधानी डच लोकांसाठी लेवार्डन, फ्रिजियन लोकांसाठी ल्याउवर्ट. या प्रांताचं नाव आपल्याकडच्या गोठ्यांत रोज घेतलं जातं, फक्त ते कळत नाही. नगर-कोल्हापूरकडचे दूध उत्पादक जिला 'एचएफ' म्हणतात ती काळी-पांढरी गाय म्हणजे होल्स्टीन-फ्रीजियन, आणि त्यातलं 'फ्रीजियन' हे याच भागाचं नाव. ल्याउवर्टमध्ये गायीचा एक मोठा पुतळाही आहे. त्याला लोक 'उस मेम' म्हणतात, म्हणजे 'आमची आई'. गायीला आई म्हणणारा युरोपातला हा कोपरा मला उगाच जवळचा वाटतो.

फ्रिजियन ही जर्मॅनिक भाषा आहे, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच यांच्या गटातली, आणि स्कॉटलंडची स्कॉट्स सोडली तर इंग्रजीला तिच्याइतकी जवळची दुसरी भाषा नाही. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

कुळं वेगळी, मग शब्द हुबेहूब सारखा कसा? योगायोग?

शब्द एकच आहे, तो योगायोग नाही. दोन वाटांनी गेला आणि शेवटी एकाच रूपात पोचला, त्यात मात्र योगायोगाचा हात आहे.

सुरुवात ग्रीकमध्ये. 'आंगेलोस' म्हणजे निरोप्या. तिथून लॅटिनमध्ये 'आंगेलुस'. ख्रिस्ती धर्म जर्मॅनिक टोळ्यांपर्यंत पोचला तसा शब्दही पोचला. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने गॉथ या जर्मॅनिक टोळीच्या गॉथिक भाषेत बायबल आणलं, त्यात 'अग्गिलुस' आहे. लिहिताना दोन 'ग', वाचताना 'ङ्ग', कारण ग्रीक लोकही तसंच लिहीत.

फ्रिजियन लोकांकडे विलिब्रॉर्ड हा धर्मप्रचारक 690 साली आला. 754 मध्ये बोनिफेस या दुसऱ्या धर्मप्रचारकाला डोक्कुम गावाजवळ ठार मारलं गेलं. म्हणजे नवा धर्म तिथे सुखासुखी रुजला नाही. शब्द मात्र रुजला, आणि पुढची बाराशे-तेराशे वर्षं इतर फ्रिजियन शब्दांसोबत त्याचेही स्वर झिजत-बदलत गेले. इथे तो घरचाच झाला.

एस्टोनियात तो बराच उशिरा आणि तयार स्थितीत आला. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन आणि डॅनिश सरदारांनी धर्मयुद्धाच्या नावाखाली हा प्रदेश जिंकला. 1219 मध्ये टालिन, म्हणजे आजची एस्टोनियाची राजधानी, डेन्मार्कच्या ताब्यात गेलं आणि 1248 मध्ये त्या शहराला ल्यूबेकचा कायदा लागू झाला. ल्यूबेक हे उत्तर जर्मनीतलं व्यापारी शहर. तिथले व्यापारी, कारागीर आणि पाद्री लो जर्मन, म्हणजे उत्तर जर्मनीची भाषा, बोलत, आणि टालिनच्या पेठेत तीच भाषा चाले. एस्टोनियनमध्ये तेव्हा शिरलेले शब्द आजही उंबऱ्याच्या आत आहेत : शाळेसाठी 'कोल', स्वयंपाकघरासाठी 'क्योक', डॉक्टरसाठी 'आर्स्त'. त्याच गलबतांतून लो जर्मन 'एंगेल' आला आणि 'इंगेल' झाला.

आपल्याकडे याला जवळचं उदाहरण गोव्याचं. कोकणी ख्रिस्ती माणूस देवदूताला 'आंज' म्हणतो, तो पोर्तुगीज 'आंजु'वरून. राज्यकर्त्यांच्या भाषेतून देवळातला शब्द घरात आला. मराठी बायबलने मात्र परका शब्द न घेता 'देवदूत' पत्करला. दूत आपल्याकडे आधीच होते. यमदूत होते, विष्णुदूत होते, त्यांच्या पंगतीत हा एक बसला.

दोन्हीकडे 'ए'चा 'इ' झाला, तो का?

मुळात 'अ' होता : 'आंगेलुस'. पश्चिम जर्मॅनिक बोलींत त्याचं 'आंगिल' झालं. दुसऱ्या अक्षरातल्या 'इ'ने पहिल्या अक्षरातल्या 'अ'ला आपल्या बाजूला ओढलं आणि 'एंगिल' तयार झालं. जर्मन, डच, डॅनिश, सगळे या 'ए'वर थांबले.

फ्रिजियन आणखी एक पायरी चढली. 'ए'च्या पुढे अनुनासिक आणि त्याला लागून व्यंजन आलं की तिथे बऱ्याचदा 'इ' होतो. माणसाला डच 'मेन्स' म्हणतात, फ्रिजियन 'मिन्स्के'. विचार करण्याला डच 'डेंकन', फ्रिजियन 'टिंके'. त्याच चालीवर 'एंगेल'चा 'इंगेल'.

एस्टोनियनमध्ये लो जर्मन शब्द आले तेव्हा तिथेही असंच घडलेलं दिसतं. भेट देण्याला लो जर्मन 'शेंकेन', एस्टोनियन 'किंकिमा'. बसायच्या बाकाला लो जर्मन 'बेंक', एस्टोनियन 'पिंक'. या शेवटच्या शब्दापाशी मी नेहमी थांबतो, कारण आपल्या शाळेतला 'बाक' पोर्तुगीज 'बांकु'वरून आला आणि पोर्तुगीजांनी तो जर्मॅनिक भाषांतून उचलला होता. टालिनच्या बागेतला 'पिंक' आणि साताऱ्याच्या शाळेतला 'बाक' हे एकाच घरचे.

मूळ अर्थ काय? पंख, प्रकाश, पावित्र्य यातलं काही?

यातलं काहीच नाही. निरोप पोचवणारा, एवढाच. हिब्रू बायबलमध्ये 'मलाख' आहे, त्याचाही अर्थ दूत. ग्रीक भाषांतरकारांनी त्याच्या जागी 'आंगेलोस' हा रोजच्या वापरातला शब्द ठेवला. साध्या निरोप्यालाही ग्रीक तेच म्हणत. पंख वगैरे चित्रकारांनी नंतर लावले.

याचाच भाऊबंद शब्द 'एव्हांगेलियन', म्हणजे चांगली बातमी, शुभवर्तमान. एस्टोनियनमध्ये 'एवांगेलिउम', फ्रिजियनमध्ये 'एवांगेल्ये'. इंगेल आणि शुभवर्तमान यांच्या पोटात एकच निरोप आहे.

आणि आपल्याला ठाऊक असलेला 'फरिश्ता'? तो फारसीतून आला, आणि त्याचाही मूळ अर्थ 'पाठवलेला'. संस्कृतातला 'प्रेषित' हा त्याचा सख्खा नातलग : 'प्र' हा उपसर्ग आणि पाठवणे या अर्थाचा 'इष्' धातू दोन्हीकडे आहे. मलाख, आंगेलोस, फरिश्ता, देवदूत : चार भाषांनी त्याच्या रूपाकडे न बघता कामाकडे बघून नाव ठेवलं.

'आंगेलोस' हा शब्द संस्कृत 'अंगिरस'वरून आला असं वाचलं. खरं आहे का?

एकोणिसाव्या शतकातल्या काही अभ्यासकांनी ही दोन नावं शेजारी ठेवून पाहिली होती, तिथून ही गोष्ट पसरली. आजचे व्युत्पत्तिकार ती मान्य करत नाहीत. आवाज जुळतो म्हणून शब्द जुळत नाही. ज्यांना संस्कृतशी खरा धागा हवा आहे त्यांनी वरचा 'प्रेषित' बघावा. आणखी एक देतो. एस्टोनियनमध्ये आकाशाला आणि स्वर्गाला 'ताएवस' म्हणतात. हा शब्द बाल्टिक भाषांतून तिकडे गेला असं सर्वसाधारणपणे मानतात. लिथुआनियनमध्ये देवाला 'दिएवस' म्हणतात आणि तो आपल्या 'देव'चाच भाऊ. इंगेल ज्या ताएवसमधून येतो, त्या ताएवसमध्ये आपला देव आहे.

'इंगेल' आणि 'इंग्लंड' यांचा संबंध काय?

मुळाशी काहीही नाही. ऐकायला मात्र फार जवळ, आणि या दोन भाषांत तर विशेष. फ्रिजियनमध्ये देवदूत 'इंगेल', इंग्रजी भाषा 'इंगेल्स्क', इंग्लंड 'इंगेलान'. एस्टोनियनमध्ये देवदूताचा 'इंग्लि', इंग्रजी ते 'इंग्लिसे', इंग्लंड 'इंग्लिसमा'.

इंग्लंडचं नाव आलं अँगल या टोळीवरून. ती आजच्या उत्तर जर्मनीतल्या आंगेल्न या भागातून ब्रिटनमध्ये गेली. त्यांच्या नावातल्या 'अ'चाही पुढच्या 'इ'मुळे 'ए' झाला आणि मग या दोन भाषांत 'इ'. दोन अनोळखी शब्द एकाच वाटेने चालले आणि एकसारखे दिसू लागले.

लॅटिनमध्ये हे साम्य फार जुनं आहे. इंग्रज भिक्षू बीड याने 731 मध्ये पुऱ्या केलेल्या इतिहासात एक प्रसंग येतो. पुढे पोप झालेल्या ग्रेगरीला रोमच्या बाजारात विकायला आणलेली गोरी मुलं दिसतात. कुठली म्हणून विचारल्यावर उत्तर मिळतं, 'अँगल'. तो म्हणतो, बरोबर आहे, चेहरे देवदूतांसारखेच आहेत. 'आंगली नव्हे, आंगेली' हे सुटसुटीत वाक्य लोकांच्या तोंडी नंतर घडलं, बीडच्या पुस्तकात ते तसं नाही. याच ग्रेगरीने पाठवलेले धर्मप्रचारक 597 मध्ये इंग्लंडला पोचले. गोष्ट गोड करून सांगतात, पण ती मुलं गुलामांच्या बाजारात उभी होती, हे सांगताना गाळू नये.

आणि हे साम्य आज डोळ्यांनी बघायचं असेल तर एस्टोनियातल्या तार्तूला जावं.

तार्तूला काय आहे?

एक पूल. तार्तू हे एस्टोनियाचं विद्यापीठाचं शहर. तिथल्या टोमेमॅगी टेकडीवर एका रस्त्यावरून जाणारा छोटा पूल आहे, त्याचं नाव 'इंग्लिसिल्द'. 'सिल्द' म्हणजे पूल, देवदूताचा पूल. तो 1814 ते 1816 या काळात बांधला गेला, आजचं रूप 1838 चं. पुलावर 1802 मध्ये पुन्हा सुरू झालेल्या विद्यापीठाचे पहिले रेक्टर, म्हणजे प्रमुख, पारो यांचं उठावचित्र आहे आणि लॅटिनमध्ये एक ओळ : विश्रांतीने ताकद पुन्हा भरून येते. अभ्यासाने थकलेल्या मुलांच्या रोजच्या वाटेवर ही ओळ लिहावीशी वाटली, याचं मला फार अप्रूप आहे.

पण पुलावर देवदूत कुठे आहे? नाही. नेहमी सांगितलं जाणारं स्पष्टीकरण असं : टेकडीवरची बाग इंग्रजी धाटणीची होती, म्हणून पूल 'इंग्लिसे सिल्द', म्हणजे इंग्रजी पूल. बोलता बोलता मधला 'से' गळाला आणि 'इंग्लिसिल्द' उरला. एक अक्षर पडलं आणि इंग्रजाचा देवदूत झाला.

देवदूत आला म्हटल्यावर जोडीदार हवाच. जवळच 1913 मध्ये दुसरा पूल झाला, तो रशियाच्या रोमानोव्ह राजघराण्याच्या राजवटीला तीनशे वर्षं झाली म्हणून; एस्टोनिया तेव्हा रशियाच्या ताब्यात होता. लोक त्याला 'कुरादिसिल्द' म्हणतात, सैतानाचा पूल. तिथेही एक कथा आहे : बांधकामाशी मांटॉयफेल नावाच्या प्राध्यापकाचा संबंध होता, आणि जर्मनमध्ये 'टॉयफेल' म्हणजे सैतान. पहिल्या पुलावरून श्वास रोखून गेलं तर मनातली इच्छा पुरी होते, असं विद्यार्थ्यांत म्हणतात.

मग इंग्रजीतला 'एंजल' वेगळा का? फ्रिजियन तर इंग्रजीची बहीण ना?

जुन्या इंग्रजीतही 'एंगेल'च होता, 'ग'सकट. 1066 मध्ये फ्रान्समधून नॉर्मन राज्यकर्ते आले, त्यांच्या फ्रेंचमधलं रूप हळूहळू वर चढलं आणि 'ग'च्या जागी 'ज' बसला. फ्रिजियनवर तशी वेळ आली नाही. बहिणीने गमावलेला दागिना तिच्या पेटीत राहिला.

अर्थात तिने तो सहज राखला असं नाही. सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर फ्रीसलँडच्या चर्चमध्ये डच भाषा चालली, म्हणजे प्रार्थनेत 'एंगेल' आणि घरी 'इंगेल'. वुमकेस यांचं संपूर्ण फ्रिजियन बायबल थेट 1943 मध्ये आलं. एस्टोनियन त्या मानाने लवकर : छापील धर्मप्रश्नोत्तरी 1535 ची, संपूर्ण बायबल 1739 चं.

एस्टोनियनमध्ये या शब्दाची रूपं कशी चालतात? फार अवघड आहे का?

एस्टोनियनमध्ये चौदा विभक्ती आहेत हे ऐकून इंग्रजी बोलणारे घाबरतात. मराठी माणसाने घाबरायचं कारण नाही. आपण 'कापूस'ला प्रत्यय लावताना 'कापूसला' म्हणत नाही. मधला 'ऊ' गाळून 'कापसा' हे सामान्यरूप करतो आणि मग 'ला' जोडतो. माणूस – माणसाला. नेमकं तसंच तिथे आहे. 'इंगेल'मधला 'ए' गळतो आणि 'इंग्लि' हे रूप तयार होतं. हीच त्यांची षष्ठी, आणि पुढचे बहुतेक प्रत्यय याच रूपाला लागतात.

'इंग्लिले' म्हणजे देवदूताला. 'इंग्लिगा', देवदूतासह. 'इंग्लिता', देवदूताशिवाय. 'इंग्लिक्स' म्हणजे 'देवदूत होणे' यातला 'होणे' दाखवणारं रूप. मी एक देवदूत पाहिला : 'मा नॅगिन इंग्लित'. अनेकवचन 'इंग्लिद'. आपला सामान्यरूपाचा सराव जन्मापासूनचा आहे. इथे तो फुकट कामी येतो. मराठी व्याकरणातला हा भाग शाळेत कंटाळवाणा वाटतो, पण परक्या भाषेत तो असा समोर आला की आपल्या भाषेकडे नव्याने पाहिलं जातं.

फ्रिजियनमध्ये फारसं काही नाही. अनेकवचन 'इंगेल्स', लाडकं रूप 'इंगेल्चे'.

जोडशब्द कोणते?

एस्टोनियनमध्ये पाठीराख्या देवदूताला 'काइत्सेइंगेल' म्हणतात. 'काइत्से' म्हणजे रक्षण. मुख्य देवदूत 'पेआइंगेल'; 'पेआ' म्हणजे डोकं, जसा आपला 'मुख्य' हा 'मुख'वरून. बर्फात आडवं पडून हात हलवले की उमटणारी आकृती 'लुमेइंगेल'. फ्रिजियनमध्ये मुख्य देवदूत 'आर्ट्सइंगेल'.

देवदूत 'तो', 'ती' की 'ते'?

मराठीत 'तो'. फ्रिजियनमध्ये 'इंगेल' सामान्य लिंगात, म्हणजे पुल्लिंग आणि स्त्रीलिंग एक झालेल्या लिंगात, पण 'इंगेल्चे' नपुंसकलिंगी. आपल्याकडे मुलगा 'तो' आणि पोरगं 'ते', तसंच. एस्टोनियनमध्ये व्याकरणिक लिंगच नाही. तो, ती, ते या सगळ्यांना एकच 'ता'.

शुभेच्छापत्रावर किंवा गोंदणात लिहायचं आहे. काय काळजी घ्यावी?

एकवचन लिहा, म्हणजे एकच शब्द दोन्ही भाषांत चालेल. 'माझा देवदूत' हवा असेल तर एस्टोनियन 'मिनु इंगेल', फ्रिजियन 'मिन इंगेल'. अनेकवचन मात्र वेगळं, त्यात गल्लत होते. गोंदवून घेण्याआधी एस्टोनियनसाठी तिथल्या भाषासंस्थेचा 'स्योनावेब' हा ऑनलाइन शब्दकोश आणि फ्रिजियनसाठी ल्याउवर्टच्या 'फ्रिस्के अकादमी'चे कोश बघा. अकादमी 1938 ची आहे आणि तिने फ्रिजियनचा पंचवीस खंडांचा शब्दकोश 1984 ते 2011 या काळात पुरा केला. इतक्या लहान भाषेसाठी पंचवीस खंड!

एस्टोनियात खरोखरचा, म्हणजे पुतळ्यातला इंगेल बघायचा असेल तर?

टालिनच्या किनाऱ्यावर काद्रिओर्ग भागात. 1893 मध्ये 'रुसाल्का' ही रशियन युद्धनौका टालिनहून हेलसिंकीकडे जाताना वादळात बुडाली. जहाजावरचे 177 जण गेले, कोणी वाचलं नाही. 1902 मध्ये एस्टोनियन शिल्पकार अमांडुस आदामसन यांनी त्यांचं स्मारक उभारलं. उंच दगडी चौथऱ्यावर ब्राँझचा देवदूत उभा आहे, हातात ऑर्थोडॉक्स क्रूस, तोंड समुद्राकडे. लग्न झालेली जोडपी तिथे फुलं ठेवायला येतात.